पाच पानांची हरकत

माझ्या अक्षरापायी एका माणसाची मोटार गेली. हे वाक्य मी आज पहिल्यांदाच कागदावर उतरवतो आहे, आणि तेही वेलांट्या-उकार नीट काढून. सवय जात नाही, दुसरं काय.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नवाच मास्तर झालो होतो आणि जानेफळच्या अलीकडच्या एका गावात शाळेवर होतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग. वरच्या माणसाचं खाली काही ना काही काम पडतंच. मोठा दवाखाना खाली, कापसाचा बाजार खाली, रेल्वे खाली, शेगावचं दर्शन खाली. आणि खाली जायला मोटार एकच. ती सकाळी जानेफळहून निघायची, आमच्या गावावरून घाट उतरून खामगावला जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची.

मोटारीचा मालक आणि ड्रायव्हर एकच होता. पन्नाशीचा, रुंद हाडाचा, मोजकं बोलणारा माणूस. सगळा रस्ता त्याला ‘भाऊ’ म्हणायचा; त्याच्याहून वडील माणसंसुद्धा भाऊच म्हणायची. लिहिता-वाचता त्याला येत नव्हतं. सही म्हणून नावाची तीन अक्षरं तो इतकी सावकाश काढायचा की समोरच्या कारकुनाचा जीव टांगणीला लागायचा. मोटार जुनी, लाकडी बॉडीची, नाक पुढे काढलेली. महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा ती कोळशावर चालली होती, असं लोक कौतुकानं सांगत.

वेळापत्रक असं काही नव्हतं. मोटार निघायची वेळ म्हणजे सगळे आले ती वेळ. घरातून एखादी बाई ओरडायची, “भाऊ, थांबजा, भाकर बांधून राह्यली!” की भाऊ इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि चाकांना लाथ मारून हवा बघत बसायचा. पुढे एक फाटा होता. तिथून आतल्या वस्तीला दोन मैलांची गाडीवाट जायची. वस्तीवरच्या कुणाला खाली जायचं असेल तर तो आदल्या दिवशी फाट्यावरच्या बाभळीला लुगड्याचा धडपा बांधून जायचा. सकाळी धडपा दिसला की भाऊ मोटार उभी करायचा आणि माणूस येईपर्यंत भोंगा वाजवत राहायचा. माणूस पळत आला की आतल्या लोकांनी सरकून घ्यायचं. जागा नसली तरी सरकायचं. तरी जागा कशी होत असे, हे मला आजही सांगता येणार नाही.

हे सगळं मला तेव्हा गोड वाटत होतं असं समजू नका. एकदा मला नागपूरला परीक्षेला जायचं होतं. खामगावहून पुढे शेगावला जाऊन रेल्वे पकडायची होती. भाऊनं एका भाकरीसाठी, एका धडप्यासाठी आणि एका हरवलेल्या बकरीसाठी मोटार थांबवली, आणि मी शेगावच्या स्टेशनात पोचलो तेव्हा गाडी गेली होती. वर्ष वाया गेलं. त्या दिवशी बाकावर बसून मी भाऊला मनातल्या मनात जे काही म्हटलं ते लिहिण्याजोगं नाही. सरकारनं एकदाच्या मोटारी ताब्यात घ्याव्यात, घड्याळाबरहुकूम चालवाव्यात, असं माझं अगदी पक्कं मत झालं होतं.

आणि तसंच होणार होतं. मोटारींच्या कायद्यात दिल्लीत दुरुस्ती झाली होती. सरकारला हवा तो रस्ता आपल्या मोटारींसाठी घेता येणार होता आणि त्या रस्त्यावरच्या खाजगी मोटारींचं परमिट बंद करता येणार होतं. घाटाखालचे मोठे रस्ते आधीच गेले होते. आता ही सुधारणा घाट चढून आमच्यापर्यंत आली.

एके दिवशी शाळा सुटताना भाऊ पायरीशी येऊन उभा राहिला. हातात घडी घातलेला कागद.

“मास्तर, हे जरा वाचून सांगा बरं. तहशिलीतून आन्लं.”

मी वाचून दाखवलं. आमचा रस्ता सरकारी मोटारींसाठी घेण्याचं ठरलं होतं. कुणाची हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी, बुलढाण्याला सुनावणी होईल. ज्याचं परमिट जाईल त्याची आजवरची वागणूक नियमाला धरून असेल तर त्याला दुसऱ्या एखाद्या रस्त्याचं परमिट देण्याचा विचार करता येईल, असंही शेवटी होतं.

भाऊनं तो शेवटचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, “हा रस्ता जातेच, मास्तर. सरकारच्या आडवं कोन जाते? पन जानेफळहून अमडापूरकडचा कच्चा रस्ता मले भेटला तर मोटार घरी नाही बसनार. तिकडं सरकारची गाडी काही येत नाही.”

म्हणजे त्याला एवढंच हवं होतं. मोठा रस्ता नको, पक्का नको. मोटार चालती राहावी. घरी बायको आणि जेमतेम कोरडवाहू जमीन. पण खरं सांगायचं तर त्याला पोटाची तेवढी भीती नव्हती. वीस वर्षं सकाळी हँडल मारून ती मोटार सुरू करायची त्याला सवय होती. तिच्याशिवाय सकाळी उठून करायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“लिहितो मी,” मी म्हटलं. “असा लिहितो की साहेब वाचत राहिला पाहिजे.”

परीक्षेचं सगळं मी विसरून गेलो होतो. मी भाऊवर उपकार करायला निघालो होतो, आणि त्याहून जास्त म्हणजे मला लिहायला मिळणार होतं. खेड्यातल्या मास्तराला लिहायला काय मिळतं? दाखले, हजेरी आणि लग्नपत्रिकेचा मजकूर. इथे एक माणूस होता, रस्ता होता, अन्याय होता. मला तर स्फुरणच चढलं.

मी गावात निरोप दिला की येत्या सुटीच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर अर्ज लिहायचा आहे, ज्याला भाऊबद्दल सांगायचं आहे त्यानं यावं. मला वाटलं दहा-पंधरा जण येतील. सकाळपासून माणसं येत राहिली. आतल्या वस्तीवरच्या बाया चालत आल्या. जानेफळचे चार जण आले. ओसरी भरली, मग अंगण भरलं. भाऊ लाजून खांबाच्या आड बसला होता.

माझा बेत असा होता की लोकांनी सांगावं, आणि मी ते चांगल्या भाषेत बसवावं. लोकांनी सांगितलं. कसं सांगितलं म्हणता! घरच्या माणसाच्या गुणांचं माप काढायला बसावं तसं एकेक जण उठत होता.

एक म्हातारा म्हणाला, “लिवा, बाविसाच्या मोटारीत पंचेचाळीस बसवले, पन कोनाले रस्त्यात टाकून नाही गेला.”

दुसरा म्हणाला, “माह्या पोराची वरात टपावर बसून गेली. पंचवीस मानूस वर होतं. वाजंत्र्यासकट.”

वस्तीवरची एक म्हातारी पुढे आली. तिचा आवाज बारीक होता म्हणून सगळे गप्प झाले. “माह्या पोरीचं बाळंतपन अडलं तवा भाऊनं उतारू समदे फाट्यावर उतरून देल्ले, आनं मोटार वावरा-वावरातून आमच्या दारात आन्ली. पोरगी बी वाचली, नातू बी वाचला. लिवा ते.”

ते मी लिहिलंच. डोळ्यांत पाणी आणून लिहिलं. शेगावच्या उत्सवात भाऊनं तीन दिवस पाठ न टेकता खेपा केल्या, तेही लिहिलं. बकऱ्या, सरकीची पोती, नांगराचे फाळ, एकदा तर एक आजारी गोऱ्हा, सगळं त्यानं उतारूंबरोबर नेलं, तेही लिहिलं. फाट्यावरचा धडपा आला, भाकरीसाठीचं थांबणं आलं.

सगळ्यात शेवटी जानेफळचा एक शेतकरी उठला. त्यानं ठेवणीतला किस्सा आणला होता. “एकडाव घाटात बिरेकच लागेना. दुसरा असता तर मोटार सोडून पळाला असता. भाऊनं आमाले दोघाले खाली उतरवलं. आमी मोठे गोटे घेऊन चाकासंगं चाललो, तो म्हने तवा गोटा चाकाखाली घालू. आखा घाट असा उतरला. एकाले खरचटलं नाही!”

ओसरीवरच्या बायाही कौतुकानं हसल्या. मी तो प्रसंग एका स्वतंत्र परिच्छेदात घेतला. ‘यंत्रानं हात टेकले तिथे माणसानं यंत्राला हात दिला,’ असं एक वाक्यही जोडलं. ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी लेखणी खाली ठेवून ते दोनदा वाचलं.

अर्ज पाच पानं झाला. मी उभा राहून तो सगळ्यांना वाचून दाखवला. मधे मधे लोक “बराबर हाय” म्हणत होते. वाचून झाल्यावर मी खांबाकडे बघितलं. भाऊ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

“थोडं कमी लिवलं तरी चालते, मास्तर,” तो म्हणाला.

मला वाटलं विनय. लोकांनाही तसंच वाटलं. एकजण म्हणाला, “पाहा, आताबी त्याले नको वाटते!” आणि सगळे हसले. मग शाळेच्या शिक्क्याची शाईची गादी आणली आणि अंगठे सुरू झाले. बायांनीही अंगठे दिले. पाचवं पान पुरेना म्हणून मागे एक कोरा कागद जोडावा लागला.

आता कुणी म्हणेल, मास्तरला कायदा कुठून माहीत असणार. नव्हता माहीत. पण मोटारीच्या दारावर पांढऱ्या रंगात ‘२२ उतारू’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याला खांदा घासून मी आत चढत आलो होतो. गावात ते अक्षर वाचता येणारी जी चार-दोन माणसं होती त्यांतला एक मी होतो. बाकीच्यांची चूक नव्हती. त्यांच्या लेखी जो जास्त माणसं घेतो तो चांगला, जो थांबतो तो चांगला, जो आपली वाट सोडून दुसऱ्याच्या दारात जातो तो सगळ्यात चांगला. ते एका माणसाचा चांगुलपणा सांगत होते, आणि तो एका कागदावर आणायची अक्कल फक्त माझ्याकडे होती.

सुनावणीच्या दिवशी आम्ही बुलढाण्याला गेलो. भाऊनं धुवट धोतर, काळा कोट आणि नवी टोपी घातली होती. गावातले आणि वस्तीवरचे मिळून वीसेक जण बरोबर आले. मोटार कधी नव्हे ती कायदेशीर भरली होती. विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात टेबल मांडलं होतं. इतर रस्त्यांवरचे मोटारवालेही होते. आमच्या आधी एकाचं काम निघालं. त्याचा अर्ज टाईप केलेला, अर्ध्या पानाचा. मोटार पास आहे, कर भरला आहे, गुन्हा नाही, अमुक कच्चा रस्ता मिळावा. साहेबानं दोन प्रश्न विचारले आणि मान हलवली. मी मनात म्हटलं, काय हा रुक्षपणा.

मग आमचा अर्ज निघाला. साहेब वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. पिकल्या केसांचा, मृदू आवाजाचा माणूस होता. त्यानं पानं चाळली आणि विचारलं, “कुणी लिहिलं हे?” मी उभा राहिलो. “अक्षर सुंदर आहे,” तो म्हणाला. मी छाती काढून खाली बसलो.

तो वाचू लागला. काही वाक्यं तो मोठ्यानं वाचायचा, आणि शेजारचा कारकून एका कागदावर टिपून घ्यायचा. बाविसाच्या मोटारीत पंचेचाळीस, कारकुनानं टिपलं. टपावर वरात, टिपलं. उतारूंना उतरवून परमिटाबाहेरच्या वाटेनं मोटार नेली, टिपलं. तीन दिवस न झोपता चालवली, टिपलं. उतारूंबरोबर जनावरं; टिपलं. मला खरोखर असं वाटत होतं की हे सगळं भाऊच्या बाजूनं जमा होतं आहे. मागे सतरंजीवर बसलेले आमचे लोक प्रत्येक वाक्याला माना डोलावत होते.

मग घाटाचा परिच्छेद आला. साहेबानं तो मनात वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून त्यानं भाऊकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, तेव्हा कुठे मला शंका आली. तोवर सरकारी मोटारींच्या बाजूचा तरुण वकील उठला होता. “साहेब, आम्हाला वेगळं काही सांगायचं नाही,” तो म्हणाला. “हाच अर्ज आमच्या बाजूनं पुरावा म्हणून घ्यावा. खाली साक्षीदारांचे अंगठे आहेतच.”

आपण काय लिहून दिलं होतं ते मला आता कळलं. मागे आमच्यातला एकजण हलक्या आवाजात दुसऱ्याला सांगत होता, “पाह्य, त्यायचा वकील बी आपल्याकडून झाला.”

साहेबानं वाट काढून दिली होती. आजही मला तो क्षण जसाच्या तसा दिसतो. त्यानं भाऊला विचारलं, “हे सगळं खरं आहे? का मास्तरांनी पदरचं काही घातलंय?”

भाऊनं मागे वळून बघितलं. म्हातारी पुढेच बसली होती, पदर नीट करून. गोटे घेऊन चाललेला तो शेतकरी बसला होता. सगळे भाऊकडे अशा तोंडानं बघत होते की जणू बक्षीस त्यांनाच मिळणार आहे.

“मास्तरनं पदरचं काही नाही घातलं, साहेब,” भाऊ म्हणाला. “खरं हाय समदं.”

त्या वेळी मी उठायला हवं होतं. ‘साहेब, मी लिहिण्याच्या भरात वाढवून लिहिलं, आकडे माझे आहेत, घाटातली गोष्ट ऐकीव आहे,’ एवढं म्हणायला हवं होतं. एक खोटं बोलायचं होतं, आणि ते माझ्याच नावावर जाणार होतं. फार तर मला समज दिली असती, वरती एखादं पत्र गेलं असतं. मी नोकरीचा विचार केला. आणि लाज सोडून सांगायचं तर मी त्या पाच पानांचाही विचार केला. ती मी खोटी कशी म्हणू, असं मला वाटलं. मी बसून राहिलो.

येताना मोटारीत सगळ्यांनी विचारलं, काय झालं. भाऊ समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, “साहेबानं आखा अर्ज वाचला. मास्तरच्या अक्षराले चांगलं म्हने.” एवढ्यावर लोक खूश झाले. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. बोलायला तोंड उघडलं तर त्यानं गिअर बदलला आणि आवाजात माझं बोलणं राहून गेलं. खरं तर मी फार जोरानं बोललोच नाही.

दीड-दोन महिन्यांनी हुकूम आला. रस्ता सरकारकडे. परमिटधारकाची वागणूक नियमांचा वारंवार भंग करणारी असल्याचं त्याच्याच अर्जावरून दिसतं, सबब दुसऱ्या रस्त्याचं परमिट देता येत नाही. तो मीच वाचून दाखवला. ‘त्याच्याच अर्जावरून’ हे शब्द मी गाळले. लोकांनी साहेबाला शिव्या दिल्या, सरकारला दिल्या, त्या तरुण वकिलाला दिल्या. मला कुणी काही म्हटलं नाही. उलट पुढे कितीतरी वर्षं लोक पाहुण्यांना सांगायचे, आमच्या मास्तरनं असा अर्ज लिवला होता का साहेब वाचतच राह्यला, पन सरकार आंधळं. मी खाली बघायचो. त्यांना तो माझा विनय वाटायचा.

सरकारी मोटार आली. तिला मी नावं ठेवणार नाही. ती वेळेवर यायची. तिकीट मिळायचं, बसायला गादी होती, घाटात ब्रेक लागायचे. दुसऱ्या वर्षी मी परीक्षेला गेलो तेव्हा शेगावला तासभर आधी पोचलो आणि त्याच बाकावर बसून गाडीची वाट बघितली. कायदा चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पंचेचाळीस माणसं आणि न लागणारे ब्रेक घेऊन कुणी घाट उतरू नये हे लहान पोरालाही कळतं. पण अमडापूरच्या त्या कच्च्या रस्त्यावर बावीस माणसं घेऊन जाणारी एक मोटार चालली असती, ब्रेक दुरुस्त करून चालली असती, तर कायद्याचं काय बिघडणार होतं? ती चालली नाही. त्या रस्त्यावर पुढे बरीच वर्षं काहीच चाललं नाही.

भाऊची मोटार त्याच्या घरासमोर निंबाखाली उभी राहिली. सुरुवातीला तो रोज सकाळी हँडल मारून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचा. मग आठवड्यातून एकदा. मग इंजिन खामगावच्या कुणा गिरणीवाल्यानं नेलं आणि आत कडबा भरला गेला. भाऊ शेतात जाऊ लागला. त्याला सरकारी मोटारीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. शेतीचं काम त्याला जमत नव्हतं असं नाही, पण औतामागे चालताना तो मला कुणा दुसऱ्याच माणसासारखा दिसायचा. मी वाट बदलून जायला शिकलो.

दोन-तीन वर्षांनी फाट्याचा प्रश्न निघाला. सरकारी मोटार फाट्यावर थांबत नव्हती. वस्तीवरच्या लोकांना आमच्या गावापर्यंत चालत यावं लागे, आणि परत येताना मोटार त्यांचा फाटा मागे टाकूनच पुढे जाई. थांबा मागायचं ठरलं आणि दहा-बारा माणसं कागद घेऊन माझ्या घरी आली. भाऊही आला होता. त्या अर्जानंतर मी कुणासाठी अर्ज लिहिला नव्हता. टाळणार होतो, पण भाऊसमोर टाळता आलं नाही.

मी बसलो. हात आपोआप वळणावर गेला. ‘उन्हातान्हात लेकरं कडेवर घेऊन चालणाऱ्या मायमाउल्या...’ अशी सुरुवात केली आणि मोठ्यानं वाचली.

“ते नका लिवू, मास्तर,” भिंतीशी बसलेला भाऊ म्हणाला.

“मग काय लिहू?”

त्यानं डोळे मिटले आणि न अडखळता सांगितलं, “लिवा. फाट्यावर रस्ता सरळ हाय, दोन्हीकडून गाडी दुरून दिसते. बाजूले गाडी उभी कराले पक्की जागा हाय. चढाव नाही, म्हून गाडी उचलाले तरास नाही. रोजचे दहा उतारू पक्के हायत आनं गाडीत जागा राह्यते. थांब्यापायी पुढची वेळ चुकत नाही. झालं. खाली अंगठे घ्या.”

आठ ओळी झाल्या. लोकांना काही ते पटलं नाही. एकजण म्हणाला, “मास्तर, पयल्यासारखा लिवा ना फक्कड.” भाऊ म्हणाला, “एवढंच जाऊ द्या.” तेवढंच गेलं. थांबा थोड्याच दिवसांत मंजूर झाला.

पण ते पुढचं. त्या दिवशी माणसं उठून गेली, भाऊ मागे राहिला, वहाणा शोधत होता. माझ्या हातात त्या आठ ओळी होत्या आणि त्यांत खोडायला एक शब्द नव्हता.

“भाऊ,” मी विचारलं, “अर्ज कसा लिहायचा हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?”

“वीस वरसं परमिट काढलं, मास्तर. दर खेपेले अर्ज देल्ला. माहीत कसं नसन?”

“मग मला थांबवलं काऊन नाही?” माझ्या तोंडून त्याच्याच बोलीतला शब्द निघाला.

त्यानं वहाण पायात सरकवली. मग म्हणाला, “थांबवनारच होतो. त्यात काय काय गुन्हे हायत ते मले समजून राह्यलं होतं. पन समदे माह्याबद्दल बोलून राह्यले होते. बाया बी बोलून राह्यल्या होत्या. आजवर कोनी माह्या तोंडावर असं बोललं नव्हतं. मले आइकाचं होतं.”

हे म्हणताना तो ओशाळला होता, जणू चूक त्याचीच होती. मी त्याचे पाय धरायला हवे होते. निदान ‘माझं चुकलं’ एवढं तरी म्हणायला हवं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि तो समोर उभा होता.

मी म्हटलं, “भाऊ, चहा घेऊन जा.”

“नको,” तो म्हणाला, “जनावरं बांधाची हायत.” आणि तो गेला. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. आठवड्यातून एकदा तरी आम्ही रस्त्यात भेटत होतो, आणि मी त्याची माफी मागितली नाही.